डिझेलच्या बचतीचा ताळेबंद

‘डिझेलची गाडी घ्यायला महाग, चालवायला स्वस्त आणि मोडायला अवघड’ हे वाक्य महाराष्ट्रात निदान दोन पिढ्यांनी ऐकले आहे. वडिलांनी ते मुलाला सांगितले, फिटरने गिऱ्हाइकाला सांगितले, आणि आज जुन्या गाड्यांचा एजंटही तेच सांगतो. वाक्य खोटे नव्हते. पण ते ज्या इंजिनाबद्दल आणि डिझेलच्या ज्या भावाबद्दल बोलले गेले, ते इंजिन आणि तो भाव दोन्ही आता राहिलेले नाहीत. वाक्य मात्र राहिले आहे, आणि त्याच्या भरवशावर आजही लाखालाखांचे व्यवहार होतात.

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. सहकारी पतसंस्थांचे हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. वाहनकर्जाच्या फायलींत गाडीची किंमत असे, हप्ता असे, अर्जदाराची मिळकत आणि जामीनदाराची सही असे. गाडी चालवायला किलोमीटरमागे किती पैसे लागतील आणि ती बिघडली तर काय, याचा रकाना मात्र कुठेच नसे. कर्ज थकायचे ते बहुधा त्या नसलेल्या रकान्यापायीच. त्यामुळे मी इंजिनांवरची पुस्तके वाचू लागलो, गॅरेजमध्ये बसू लागलो, लोकांच्या पेट्रोलपंपाच्या पावत्या मागू लागलो. त्यातून जे हाती आले ते पुढे मांडतो.

जुने डिझेल दणकट का होते

रुडॉल्फ डिझेल हा १८५८ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेला जर्मन अभियंता. त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये आउग्सबुर्गला झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे चौथा हिस्सा त्याने कामात आणून दाखवला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हते. कल्पना साधी होती. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबून त्यावर ठिणगी टाकतात. डिझेलच्या इंजिनात नुसती हवा दाबतात, तीही जवळजवळ सोळाव्या हिश्शापर्यंत. इतकी दाबलेली हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. ठिणगी नको, प्लग नको, डिस्ट्रिब्युटर नको. दाब प्रचंड असल्यामुळे सगळे भाग जाडजूड ओतावे लागत, आणि जाडजूड भाग सावकाश फिरत. सावकाश फिरणारे यंत्र सावकाश झिजते.

आपल्याकडे हा दणकटपणा आधी शेतात दिसला. किर्लोस्करांचे पाण्याचे इंजिन हँडल मारून सुरू होई आणि तासन् तास चाले. मग तो रस्त्यावर आला : प्यूजोच्या परवान्यावरचे इंजिन बसवलेल्या महिंद्राच्या जीपा, अँबॅसडरची डिझेल आवृत्ती, आणि डिसेंबर १९९८ मध्ये पुण्याच्या टेल्कोने आणलेली इंडिका. पश्चिम महाराष्ट्रातले वडाप आणि मराठवाड्यातली काळी-पिवळी याच इंजिनांवर चालली. धूर काळा, आवाज मोठा, पिकअप यथातथा. पण नोझल आणि पंप तालुक्याच्या गावी दुरुस्त होत. इंजिन खोलायची वेळ आली तरी गावातला फिटर ते खोलून पुन्हा बसवत असे. ‘मोडायला अवघड’ या शब्दांचा अर्थ एवढाच होता : यंत्र मोडेल, पण मोडले तरी मालक मोडणार नाही.

बचत कोणाची : इंजिनाची की सरकारची?

आता ‘चालवायला स्वस्त’ या शब्दांकडे वळू. हिशेबासाठी एकाच बांध्याच्या दोन गाड्या धरू. पेट्रोलची लिटरला १४ किलोमीटर ॲव्हरेज देते, डिझेलची १८. हे आकडे माझे गृहीत आहेत. ज्याची गाडी वेगळे ॲव्हरेज देते त्याने तिथे आपले आकडे घालावेत. रीत तीच राहील.

मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे होते आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले होते. डिझेलचे मात्र सरकारने बांधून ठेवले होते. त्या भावांनी, पेट्रोलवर १०० रुपयांत होणारा प्रवास डिझेलवर ४३ रुपयांत होई. म्हणजे ५७ रुपये वाचत. लोक डिझेलच्या गाड्यांवर उगाच तुटून पडले नव्हते. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून अधिक डिझेलची होती.

जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव दरमहा थोडा थोडा वाढवण्यात आला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तोही मोकळा झाला. २४ जून २०२० रोजी दिल्लीत कधी न घडलेली गोष्ट घडली : डिझेल ७९ रुपये ८८ पैसे, पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे. डिझेल बारा पैशांनी महाग. तो दिवस माझ्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण भाव समान झाल्यामुळे इंजिनाचे स्वतःचे कर्तृत्व त्या दिवशी उघडे पडले. भाव समान धरला की पेट्रोलवरचा १०० रुपयांचा प्रवास डिझेलवर ७८ रुपयांत होतो. वाचले २२.

म्हणजे २०१२ मधल्या ५७ रुपयांच्या बचतीत इंजिनाचे २२ होते. उरलेले ३५ सरकारच्या भावधोरणाने दिलेले होते. आपण मात्र सगळ्या ५७ रुपयांचे श्रेय इंजिनाला देत राहिलो. २०२५ च्या मध्याला दिल्लीत पेट्रोल ९४ रुपये ७७ पैसे आणि डिझेल ८७ रुपये ६७ पैसे होते. त्या भावांनी बचत २८ रुपयांची होते : इंजिनाचे तेच २२, आणि भावातल्या फरकाचे ६.

त्या २२ रुपयांनाही एक पोटहिशेब आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असते. किलोमागे दोघांतली उष्णता जवळपास सारखी, पण लिटरमागे डिझेलमध्ये ती दहा-बारा टक्के जास्त भरते. आपण इंधन लिटरने मोजतो, म्हणून डिझेलचे ॲव्हरेज जरा जास्तच डोळ्यांत भरते. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एक लिटर डिझेल जाळल्यावर सुमारे २.७ किलो. आपल्या १४ आणि १८ च्या गाड्यांना हे लावले, तर किलोमीटरमागचा फरक दहा टक्क्यांच्या आसपास येतो. डिझेल इंजिन खरोखरच अधिक कार्यक्षम आहे. फक्त पंपावरच्या आकड्यांवरून वाटते तेवढे नाही.

नवे डिझेल आतून वेगळे आहे

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा, म्हणजे बीएस-६, हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. बीएस-४ च्या डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळीकण सोडायची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. इंधनातले गंधकही दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आणावे लागले. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर दुसरेच धूर सोडतात हे अमेरिकेत उघडकीला आले. त्यानंतर प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीचा आग्रह जगभर वाढला, आणि आपल्याकडेही एप्रिल २०२३ पासून ती अट आली.

हे निकष पाळायला इंजिनाभोवती एक छोटा रासायनिक कारखानाच उभारावा लागला. फवारा बारीक व्हावा म्हणून डिझेल दोन हजार बारपर्यंतच्या दाबाने सोडतात. कारच्या टायरमधल्या हवेचा दाब साधारण सव्वादोन बार असतो, त्यावरून कल्पना करावी. एवढा दाब सांभाळणाऱ्या नोझलमधल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजतात. पाणी किंवा कचरा मिसळलेले डिझेल जुने इंजिन खोकत का होईना पचवत असे. नव्याचे नोझल त्याने कायमचे जाते. जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत घेणारा ईजीआर व्हॉल्व्ह असतो, तो कार्बन धरतो. टर्बो असतो. अनेक मोठ्या गाड्यांत युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड मोडणारी यंत्रणा असते, तिची वेगळी टाकी, पंप आणि सेन्सर असतात.

या सगळ्यात मालकाने नीट समजून घ्यावा असा भाग म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळीची गाळणी. गॅरेजमध्ये तिला डीपीएफ म्हणतात. चिनी मातीसारख्या पदार्थाची ही जाळी धुरातली काजळी अडवते. अडवलेली काजळी साठत जाते आणि ठरावीक अंतराने ती जाळावी लागते. हमरस्त्यावर गाडी सलग पळत असेल तर धूर गरम असतो आणि बरीच काजळी जाता जाता जळते. तेवढ्याने भागले नाही तर इंजिन जादा डिझेल सोडून गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि दहा-वीस मिनिटांत ती साफ करते. पण तेवढा वेळ गाडी चालती हवी. घरापासून चार किलोमीटरवरची शाळा, तिथून दोन किलोमीटरवरचे ऑफिस, मध्ये सात सिग्नल अशा दिनक्रमात साफसफाई सुरू होते आणि अर्धवट सुटते. असे वारंवार झाले की गाळणी चोंदते. शिवाय न जळलेले जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ते शुभचिन्ह नव्हे; ते ऑइल पातळ झाले आहे.

म्हणून नव्या डिझेलच्या टिकाऊपणाबद्दल सरसकट बोलता येत नाही. कोल्हापूर-सोलापूर अशा फेऱ्या मारणाऱ्या विक्री प्रतिनिधीच्या हातात हेच इंजिन दोन लाख किलोमीटर बिनतक्रार जाईल, आणि पुण्याच्या पेठांत फिरणाऱ्या निवृत्त गृहस्थांच्या दारात तीस हजारांवर दिवे दाखवू लागेल. यंत्र दोघांचे एकच असते. त्याला लागणारी सलग चाल एकाकडे असते, दुसऱ्याकडे नसते.

पेट्रोलही साधे राहिले नाही

याचा अर्थ पेट्रोल म्हणजे निर्धोक असा घेऊ नये. टर्बो नसलेले, साध्या इंजेक्शनचे पेट्रोल इंजिन आजही सगळ्यात कमी कटकटीचे आहे. त्यात बिघडले तर प्लग आणि इग्निशन कॉइल, आणि ते खिशाला झेपतात. पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही साधायला आलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये दोनशे बार आणि त्यापुढच्या दाबाने सोडतात. त्यामुळे आत येणाऱ्या व्हॉल्व्हवर इंधनाचे धुणे होत नाही आणि तिथे कार्बन जमतो. डिझेलची अर्धी गुंतागुंत या इंजिनांनी उचलली आहे.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. आपल्या ऊसपट्ट्याचा त्यात मोठा वाटा आहे आणि कारखान्यांना त्याचा आधारही आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि आधीच्या दहा टक्के मिश्रणाच्या तुलनेत तीन-साडेतीन टक्के. जुन्या गाडीचे ॲव्हरेज घटले असेल तर त्यातला काही भाग इथे शोधावा.

दोन घरांचा हिशेब

आता रिकामा रकाना भरू. समजा पेट्रोलची गाडी १४ लाखांना आहे आणि तीच डिझेलमध्ये साडेपंधरा लाखांना. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी गाडीला एकरकमी वाहनकर पेट्रोलवर १२ टक्के आणि डिझेलवर १४ टक्के आहे. म्हणजे करातच ४९ हजारांचा फरक पडतो. एकूण जादा खर्च झाला दोन लाख. मुंबईत पेट्रोल साडेएकशे तीन आणि डिझेल नव्वद रुपये धरले, तर किलोमीटरला पेट्रोलचे ७ रुपये ३९ पैसे आणि डिझेलचे ५ रुपये पडतात. वाचले २ रुपये ३९ पैसे. दोन लाख भरून निघायला सुमारे ८४ हजार किलोमीटर लागतील.

पहिले घर वर्षाला ८ हजार किलोमीटर गाडी चालवते. इंधनात वाचतात १९ हजार. डिझेलच्या सर्व्हिसिंगचे वर्षाला तीन हजार जादा धरले तर उरतात १६ हजार. जादा घातलेल्या दोन लाखांवर नऊ टक्के व्याज मात्र १८ हजार होते. बचत व्याजालाही पुरत नाही, मुद्दल फिटणे दूरच. वर्षांचा हिशेब घालायचे कारणच उरत नाही. गाडी विकताना डिझेलला थोडे अधिक मिळेल, पण त्या आशेवर दहा वर्षे व्याज भरायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरे घर वर्षाला २५ हजार किलोमीटर चालवते. सर्व्हिसिंग वजा जाता ५६-५७ हजार उरतात. व्याज धरूनही साडेचार वर्षांच्या आत दोन लाख वसूल होतात, पुढचा सगळा नफा. या घराला डिझेल आजही शोभते, अट एकच : हे किलोमीटर लांबच्या फेऱ्यांचे हवेत. शहरातल्या शहरात दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारून २५ हजार भरत असतील तर गाळणीचा खर्च दारात उभा आहे. गाळणी किंवा नोझलच्या एका मोठ्या दुरुस्तीचे एक लाख धरले, तर ते सुमारे ४२ हजार किलोमीटरच्या बचतीएवढे होतात. पहिल्या घरासाठी ती पाच वर्षांची बचत झाली.

मोठ्या कंपन्यांनी हा हिशेब आधीच केला होता. मारुतीने २०१९ मध्येच जाहीर करून एप्रिल २०२० पासून डिझेल सोडले. मारुतीपासून टाटांपर्यंत अनेक छोट्या गाड्यांत बसलेले, रांजणगावलाही तयार होणारे फियाटचे १.३ लिटरचे इंजिन तेव्हाच थांबले. छोट्या गाडीच्या किमतीत हा सगळा कारखाना बसत नाही. डिझेल उरले ते मुख्यतः मोठ्या गाड्यांत, आणि एकूण विक्रीतला त्याचा वाटा पाचव्या हिश्शाच्या खाली आला.

गाळणी काढली की खर्च जातो कुठे?

नव्या गाडीच्या गिऱ्हाइकाला निदान पर्याय असतो. मला काळजी वाटते ती पुढच्या मालकाची. २०२० नंतरच्या डिझेल गाड्या आता वॉरंटी संपवून जुन्या बाजारात येत आहेत. शहरातल्या पहिल्या मालकाने छोट्या फेऱ्यांत वापरलेली गाडी तालुक्याच्या गावी शाळेची मुले नेण्यासाठी किंवा भाड्याने चालवण्यासाठी घेतली जाते. घेणारा कर्ज काढतो आणि मनात तेच जुने वाक्य असते : डिझेल आहे, मोडणार नाही. सहा महिन्यांत दिवा लागतो, गाडी वेग धरत नाही, आणि बिलाचा अंदाज हप्त्याच्या दहापट येतो. अशा वेळी कोणीतरी स्वस्त उपाय सुचवते : गाळणी कापून काढायची आणि संगणकात तसा बदल करायचा. गाडी पुन्हा पळते.

तो खर्च नाहीसा झालेला नसतो, फक्त दुसऱ्याच्या नावावर पडलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात घातले. गाळणी नसलेली गाडी ती काजळी मागच्या दुचाकीस्वाराच्या, फुटपाथवरच्या भाजीवालीच्या आणि कधी कधी त्याच गाडीतून उतरणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांत सोडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा फेरफार बेकायदा आहे. पण आपली पीयूसीची तपासणी डिझेलच्या धुराची दाटता पाहते, सूक्ष्म कण मोजत नाही. त्यामुळे गाळणी काढलेली गाडीही तिच्यातून पार होऊ शकते.

जुनी बीएस-६ डिझेल घेणाऱ्याने म्हणूनच चार गोष्टी तपासाव्यात. सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवावे. गाळणी शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघते, काजळी निघाली तर गाळणी फुटलेली किंवा काढलेली असते. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलेले नाही ना ते पाहावे. गॅरेजवाल्याला स्कॅनर लावून गाळणीत साठलेली काजळी आणि शेवटच्या साफसफाईनंतर झालेले अंतर वाचायला सांगावे. आणि कंपनीने सांगितलेले कमी राखेचे ऑइलच घातले गेले का, हे सर्व्हिसच्या पावत्यांवरून बघावे. चुकीच्या ऑइलची राख गाळणीत बसते ती जळून जात नाही.

पतसंस्थांनाही माझी एक विनंती आहे. वाहनकर्जाच्या अर्जात दोन रकाने वाढवा : वर्षाला किती किलोमीटर, आणि एका फेरीत किती. या दोन आकड्यांवरून अर्जदाराला डिझेल झेपेल की नाही हे पाच मिनिटांत सांगता येते, आणि ते हप्ता सुरू होण्याआधी सांगितलेले बरे.